सहावी घोडी

९ नोव्हेंबर १९३६, सोमवार

पोचले एकदाची! दोन दिवस आगगाडी, मग त्या ओसाड थांब्यावर भर उन्हात तीन तास ट्रंकेवर बसून, आणि शेवटी आमारोची होडी. होडीत मला सोबत कोणाची होती? आठ लाकडी पेट्यांची, आणि प्रत्येकीत एक जिवंत साप. सुरुवातीला मी पाय पोटाशी घेऊन बसले होते. आमारो वल्हं मारता मारता म्हणाला, "घाबरू नका बाई, ते सगळे तिकीट काढून बसलेत. दंगा करायचे नाहीत." हसून हसून माझे पाय आपोआप खाली आले.

सापाच्या विषावर उतारा करणारं हे केंद्र एका टेकाडावर आहे. तीन बाजूंना नदी, चौथीकडे दलदल. वर चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली बैठी घरं, घोड्यांचा तबेला, आणि मधोमध सापांचं अंगण. साओ पाउलोतल्या त्या इस्पितळाच्या कोंदट वॉर्डात नर्स म्हणून चार वर्षं काढल्यावर इथला वारा म्हणजे सण वाटतो.

डॉक्टर वाल्दोमिरो स्वतः धक्क्यावर आले होते. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, साठीचे गृहस्थ. माझी ट्रंक त्यांनीच उचलली, मला हातही लावू दिला नाही. त्यांच्या बायकोनं, दोना झुलमीरानं, मला मिठीच मारली आणि माझा दंड चिमटीत धरून म्हणाली, "अगं बाई, शहरात तुला जेवायला घालत नव्हते की काय? थांब, महिन्याभरात तुझं अंग भरतं की नाही बघ." मग हसत हसत मला तबेल्यातल्या मोठ्या काट्यावर उभं केलं. चोपन्न किलो. मला मौज वाटली. घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा झेफेरिनो तेवढा हसला नाही. तो घोड्याच्या खुराकडे बघत राहिला.

माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. मावशीनं निघताना दिलेली ही वही आजपासून भरायची ठरवली आहे. दिर्से, तुझं नशीब उघडलं ग बाई.

१२ नोव्हेंबर

कामाची ओळख झाली. सापांचं अंगण म्हणजे कमरेइतकी गोल भिंत, भिंतीच्या आत पाण्याचा चर, आणि मध्ये गवतावर भाकरीच्या भट्टीसारखी मातीची छोटी घुमटं. दुपारी साप त्यांच्यात झोपतात. डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट घालून आत उतरतात, आकड्यानं साप उचलतात, मान पकडून दात काचेच्या बशीवर टेकवतात. थेंब पडतात. तेच विष सुईच्या टोकाएवढं घोड्याला टोचायचं, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं. चार-सहा आठवड्यांत घोड्याचं रक्त त्या विषाला पुरून उरतं. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, बरणीत स्थिर ठेवायचं. लाल भाग खाली बसतो, वर मधासारखं पिवळं सीरम तरंगतं. ते गाळून काचेच्या कुप्यांत भरायचं हे माझं काम.

कुप्यांची खोली दगडी आहे, आत गारवा. तिला एक जाड दार आणि एक वीतभर खिडकी. शेतकरी खिडकीशी जिवंत साप आणून देतात, आपण कुप्यांचा डबा बाहेर सरकवायचा. डबा कसा वापरायचा त्याचा छापील कागद प्रत्येकात घालायचा. सापाच्या बदल्यात सापाचा उतारा, असा इथला व्यवहार.

एक गोष्ट डॉक्टरांनी मला तीनदा बजावली. झराराका चावला तर झराराकाचंच सीरम. खुळखुळ्या शेपटीचा कास्कावेल चावला तर कास्कावेलचं. एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणाले, "चिठ्ठी चिकटवताना तू चुकलीस, तर वीस कोसांवर माणूस मरतो आणि आपल्याला कळतही नाही." मी रोज चिठ्ठ्या दोनदा तपासते.

पाच घोडे आहेत. सगळ्यांना पाखरांची नावं. डॉक्टरांना पाखरांची फार आवड.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज पहिलं इंजेक्शन घेतलं. दलदलीचा ताप येऊ नये म्हणून इथे सगळेच दर सोमवारी घेतात, डॉक्टरांचं स्वतःचं औषध आहे. खांद्यामागे टोचतात. डॉक्टरांचा हात इतका हलका की कळलंही नाही.

दोना झुलमीरा माझ्या ताटात रोज कलेजी वाढते. डाळिंबी-भाताबरोबर कलेजी, सकाळी बीट, दुपारी गुळाचा खडा. मी म्हटलं, एवढं मला नको. ती म्हणाली, "खा ग बाळ. पातळ रक्ताची माणसं या दलदलीत टिकत नाहीत." घरी असे लाड कोणी केले नव्हते. आई गेल्यावर तर नाहीच.

१८ नोव्हेंबर

काल दिवसभर पापण्या जड होत्या. कुप्यांवरच्या चिठ्ठ्या वाचताना अक्षरं दोन-दोन दिसत होती. उकाडा असेल. खांद्यामागे सुपारीएवढी गाठ आली आहे. आज बरं वाटतंय.

३० नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं. सकाळी एक शेतकरी बायकोला झोळीत घालून आला. दोन भाऊ झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन रात्रभर चालले होते. झराराका चावलेला. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, पाय मांडीपर्यंत काळा. डॉक्टरांनी चार कुप्या दिल्या आणि दिवसभर तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसले, जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी हिरड्यांचं रक्त थांबलं. तिनं पाणी मागितलं. नवरा अंगणात गुडघ्यांवर बसून रडत होता.

मी डॉक्टरांना कॉफी नेऊन दिली तेव्हा कुठे ते खुर्चीतून उठले. नंतर दोना झुलमीरानं सांगितलं, की त्यांना स्वतःला चारदा साप चावला आहे. पहिल्यांदा सीरमनं वाचले. दुसऱ्यांदा तेच सीरम दिलं तर दोन मिनिटांत घसा मिटला, अंग निळं पडलं. घोड्याचं रक्त त्यांच्या अंगाला चालेनासं झालं आहे. "हजारोंना जगवतात," ती म्हणाली, "पण यांच्यासाठी या खोलीत एक कुपी नाही." आणि एप्रनला डोळे पुसून ती मला पुन्हा कलेजी वाढू लागली.

किती मोठा माणूस. तरीही रोज सापांत उतरतो.

७ डिसेंबर, सोमवार

चौथं इंजेक्शन. यावेळी पिचकारीत औषध जास्त होतं. तापाची तपासणी म्हणून हातातून थोडं रक्तही घेतलं. पाऊस चार दिवस थांबलेला नाही. आमारो पेट्या घेऊन आला तेव्हा म्हणाला, की दलदलीतली पायवाट गेली, आता फक्त होडी.

आमारोला वाचता येत नाही. मावशीला लिहिलेलं पत्र त्याच्या हातात दिलं, तर त्यानं ते उलटं धरून पत्त्याकडे बघत मान डोलावली आणि स्वतःच हसला.

मंगळवारी मी कामाला जात नाही असं आता ठरल्यासारखंच आहे. दर मंगळवारी पापण्या उघडत नाहीत. मान धरवत नाही. डॉक्टर म्हणतात, शरीराला सवय होते आहे.

१३ डिसेंबर, रविवार

डॉक्टर झोपले होते. मला कास्कावेलच्या नव्या बरणीची तारीख हवी होती, म्हणून घोड्यांची वही उघडली. प्रत्येक घोड्याला एक पान. नाव, वजन, विषाची मात्रा, रक्त कधी काढलं. पाच घोडे, पण पानं सहा.

सहावीचं नाव रोलिन्या. होल्याएवढ्या पाखराचं नाव. कास्कावेलच्या विषावर आहे. मात्रा अगदी बारीक, दर सोमवारी वाढत गेलेली. पुढे शेरे: "मंगळवारी पापण्या खाली. खाणं उत्तम." ७ डिसेंबरला रक्ताचा नमुना.

ही घोडी मी कधी पाहिली नाही. तबेल्याच्या मागे बांधत असतील का?

वजन चोपन्न किलो आहे. शिंगरू असावं.

त्याच दिवशी, दुपारी

शिंगराला विष टोचत नाहीत.

१४ डिसेंबर

आज सोमवार. इंजेक्शन घेतलं. काय करणार होते? ते पिचकारी घेऊन समोर उभे होते आणि मी खांदा पुढे केला. आपलाच काही गैरसमज असेल असं मी स्वतःला सांगत होते. सुई टोचताना ते हळूच काहीतरी पुटपुटले. घोड्यांशी बोलतात तसं.

नंतर तबेल्यात गेले. झेफेरिनो खरारा करत होता. मी विचारलं, रोलिन्या कुठे बांधता? त्यानं खरारा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला तू रोज आरशात बघतेस, पोरी."

मग त्यानं बाह्या वर केल्या. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला कातडी जुन्या दोरखंडासारखी झाली आहे, व्रणावर व्रण. अकरा वर्षं. डॉक्टरांना पुढच्या दोन्ही वेळी त्यानंच वाचवलं म्हणाला, स्वतःच्या रक्तानं. माणसाचं रक्त त्यांना चालतं. "आता माझ्यातून काही निघत नाही. म्हातारी गाय." मी विचारलं, मला आधीच का नाही सांगितलंस? एवढंच म्हणाला, "तू आलीस आणि माझा सोमवार सुटला, पोरी. मला त्याचं सुख झालं. देव मला क्षमा नाही करायचा."

१५ डिसेंबर

पापण्या. एका हातानं वर धरून लिहिते आहे.

१७ डिसेंबर

दोन दिवस विचार केला आणि आज सरळ डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, मला माहीत आहे. मला घरी जायचं आहे.

ते रागावले नाहीत. चष्मा काढला, पुसला, मला बसायला खुर्ची दिली. कशाचाही इन्कार केला नाही. म्हणाले, "तू नर्स आहेस म्हणून तुला समजेल. घोडा मरतो का? नाही. महिन्यातून एक बाटली रक्त देतो आणि मजेत चरतो. मी गेलो तर या नदीकाठची किती माणसं मरतील, सांग बरं. त्या झोळीतल्या बाईला तू पाहिलंस ना?"

मी म्हटलं, मला विचारायला हवं होतं.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

मी खुर्चीवरून उठले. त्यावर ते फार समजूतदारपणे म्हणाले, की जायचं तर जा, पाणी उतरलं की आमारो नेईल. मी काय तुला बांधून ठेवलं आहे?

१९ डिसेंबर

माझे बूट नाहीत. टाच सुटली होती म्हणून शिवायला घेतले म्हणते दोना झुलमीरा. दुसरे मागितले तर तुझ्या मापाचे नाहीत म्हणाली. झेफेरिनोचेही तिनं कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. लागतील तेव्हा काढून देते.

पायरीवर उभी राहून पाहिलं. नदी वाढते आहे आणि खालच्या शेतांतले, दलदलीतले साप पोहत पोहत या एकाच कोरड्या जागेकडे येताहेत. घरापासून धक्क्यापर्यंत शंभर पावलं. गवत गुडघाभर. मी मोजायला गेले. जिथे जिथे गवत हललं ते मोजलं. अकरापर्यंत मोजलं आणि आत आले.

दाराला कुलूप लावायची इथे कुणाला गरजच नाही.

२१ डिसेंबर, सोमवार

नको म्हटलं. हात मागे घेतला. दोना झुलमीरानं मला मागून धरलं, माझं डोकं तिच्या छातीशी. रडत होती आणि घट्ट धरत होती. "थोडंसंच ग बाळ, थोडंसंच."

आता पापण्या पूर्वीइतक्या पडत नाहीत. म्हणजे लागू पडतंय. डॉक्टर खूष आहेत.

२५ डिसेंबर

नाताळ. कोंबडी कापली. टेबलावर मेणबत्त्या लावल्या. डॉक्टरांनी प्रार्थना म्हटली, त्यात माझंही नाव घेतलं. खरं नाव. मग मला भेट दिली, चांदीची लहानशी पेटी, आत मऊ कापूस. सुई टोचल्यावर लावायला.

मी ताट फेकलं नाही. खाल्लं. भूक लागते मला. याची मला लाज वाटते.

२८ डिसेंबर

आमारो येत नाही. धक्का पाण्याखाली गेला.

पूर्ण बाटली काढली. पहिली. डॉक्टरांच्या खोलीतल्या शेल्फावर ठेवली आहे, वरचा पिवळा भाग दिसतो. माझा रंग असा आहे तर.

४ जानेवारी १९३७

झेफेरिनो हळूच बोलला. तबेल्यामागे चार रिकामी पिंपं आहेत, त्यांना फळ्या बांधून तराफा करतो आहे. प्रवाह सरळ रेल्वेच्या पुलाखालून जातो. माझ्या पायांना तो पोत्याचं कापड आणि घोड्याचं जुनं कातडं गुंडाळून देणार. चार पदर केले तर दात पोचत नाहीत म्हणतो. रविवारी, दुपारी ती दोघं झोपतात तेव्हा.

मी म्हटलं, तूही चल. तो म्हणाला, "घोड्यांना कोण बघेल?" मग थोड्या वेळानं, "बरं. येतो."

१० जानेवारी, रविवार

नाही निघालो. सांगते.

दोनच्या सुमारास मी तबेल्यात. झेफेरिनो माझ्या डाव्या पायाला कातडं बांधत होता. उजवा राहिला होता. तेवढ्यात अंगणाकडून ओरड. आतल्या चरात पुराचं पाणी भरून भिंतीच्या काठाला लागलं होतं, साप बाहेर पडत होते, आणि डॉक्टर झोपेतून उठून त्यांना अडवायला धावले. घाईत बुटाशिवाय. कास्कावेल. घोट्याच्या वर.

झेफेरिनो माझा पाय हातात धरून तसाच बसला. मी त्याला म्हटलं, चल, आता चल, हीच वेळ. त्याची मान हलत होती, नाही-नाही. म्हणाला, "अकरा वर्षांची सवय आहे, पोरी." आणि उठून गेला. त्यांच्याकडे.

मी एक पाय बांधलेला, एक उघडा, ही वही पोटाशी खोचलेली, अशी कुप्यांच्या खोलीपर्यंत धावले. तीच जवळ होती. आत शिरले, कडी घातली.

इथेच आहे.

११ जानेवारी

खिडकीच्या फटीतून ऐकते. माझी शेल्फावरची बाटली त्यांना दिली, ती पुरली नाही. मग झेफेरिनोचं काढलं. दुपारी आणखी काढलं.

संध्याकाळी दोना झुलमीरा खिडकीशी आली. म्हणाली, झेफेरिनो गेला. पांढरा पडला आणि टेबलावरच गेला. जणू दूध नासलं अशा आवाजात म्हणाली.

म्हातारी गाय. देवा.

१२ जानेवारी, सकाळ

डॉक्टर दाराशी आहेत. बसलेत. जीभ जड झाली आहे, शब्द ओघळतात. डोळे उघडत नसतील. लघवी कॉफीसारखी होते म्हणाले. डॉक्टरसारखं सांगितलं, लक्षणं क्रमानं. मग रडले.

दोना झुलमीरा: "एक बाटली, दिर्से. तुझी तू काढ, आम्ही हात लावत नाही. मी तुझे बूट आणले आहेत. तराफा बांधलेला आहे. बाटली दे आणि जा. आईशपथ."

मी म्हटलं, आधी बूट.

"दाराबाहेर ठेवलेत. बघ, ऐक." आणि तिनं टाचा दगडावर वाजवल्या.

इथे सुया आहेत, नळी आहे, बरण्या आहेत. माझ्या अंगात जे आहे त्यानं बाहेरचा माणूस जगेल. मी चार वर्षं याचीच शपथ घेऊन काम केलं. तो श्वास घेतो त्याचा आवाज मला इथे येतो. कापड फाटल्यासारखा.

दुपार

दिली. खिडकीतून.

दार उघडलं नाही अजून. एवढं रक्त काढून लगेच चालवत नाही. जरा बसून मग –

१३ जानेवारी

ती म्हणाली एकीनं भागत नाही. आणखी एक. मग नक्की.

दिली.

चूक झाली. श्वासाचा आवाज थांबला नाही, सुधारला.

१४ जानेवारी

पहाटे जाग आली ती लोखंडाच्या आवाजानं. दाराबाहेर काहीतरी सरकलं. मी कडी काढून ढकललं. दार हललं नाही.

आतून मी लावलं होतं. आता बाहेरूनही.

डॉक्टर बोलत होते. स्पष्ट, मऊ, पूर्वीसारखे. बायकोला समजावत होते, की घाई नको, पंधरा दिवस जाऊ देत, पाणी भरपूर द्यायचं, उजेड थोडा मिळाला पाहिजे.

१५ जानेवारी

जेवण खिडकीतून. पाणी खिडकीतून. हात बाहेर काढला तर ती हळूच आत सारते. थोपटून.

ओरडले. घोडे खिंकाळले. बाकी कोणी –

१६ जानेवारी

चारी बाजूंना कुप्या. हजारभर. दुसऱ्यांच्या जिवाच्या. मी मधे.

पाऊस थांबला.

१७ जानेवारी

होडी! वल्ह्याचा आवाज. आमारो.

विचारतोय. त्याच्या गावात शाळेच्या बाईंना झराराका चावला, पहाटे. कुप्या द्या. धापा टाकतोय. मग विचारलं, नवीन बाई कुठे? दोना झुलमीरानं सांगितलं, गेली बिचारी, झेफेरिनोबरोबर, तराफा उलटला. आमारोनं वल्हं खाली टाकलं. मग म्हणाला, "चांगली होती हो."

मी हाका मारल्या. ओरडून ओरडून आवाज बसला आहे. दगड जाड. आमारो धक्क्याकडेच उभा.

ती खिडकीशी आली. कुजबुजली. झराराकाच्या चार कुप्या दे. आवाज काढलास तर सांगेन संपल्यात, मग ती बाई मेली तर तुझ्यामुळे.

देते. डबा भरते आहे. चिठ्ठ्या दोनदा पाहिल्या. झराराका. झराराका. झराराका. झराराका.

छापील कागद काढून घेतला. त्याजागी हे पान. तशीच घडी. वहीतून फाडते आहे. तिचा हात आत आला आहे, बोटं हलवते, लवकर, लवकर –

जो कोणी कुपी टोचणार, तो कागद उघडणार. आमारो, तुला वाचता येत नाही, ज्याला येतं त्याच्याकडून वाचून घे. चारही कुप्या एकदम द्या, स्नायूत, बाई वाचतील. आणि मग ऐका. मी दिर्से. मी बुडाले नाही. मी कुप्यांच्या खोलीत जिवंत आहे, दार बाहेरून –